शस्त्रक्रिया यशस्वी, मग ताप कशाचा?

‘ऑपरेशन यशस्वी झाले’ हे शब्द कानी पडताच किनवट-मुखेडहून नांदेडला किंवा उदगीर-औशाहून लातूरला आलेले नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. गावी फोन जातात. आणि कधी कधी सहाव्या-सातव्या दिवशी ताप चढतो, श्वास पुन्हा यंत्राच्या आधाराने सुरू ठेवावा लागतो. मग घरच्यांच्या मनात संशय शिरतो: हृदय तर दुरुस्त झाले होते, चुकले कोठे? पुष्कळदा या प्रश्नाचे उत्तर हृदयात नसून रक्तातील पांढऱ्या पेशींत असते.

मराठवाड्यातील सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात या शस्त्रक्रिया आल्या त्या मुख्यतः अलीकडे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत नांदेड होते; लातूरला नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. तीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. खर्चाचा भार हलका झाला. अतिदक्षता विभागातील दिवसांची समजूत मात्र कोणत्याही योजनेत मिळत नाही.

डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फिया येथे हृदय-फुप्फुस यंत्राच्या साह्याने हृदयशस्त्रक्रिया यशस्वी केली. या यंत्रात रक्त शरीराबाहेरील नळ्यांतून फिरते. तो परका स्पर्श आणि शस्त्रक्रियेची इजा यांमुळे संरक्षक पेशी खडबडून जाग्या होतात. न्यूट्रोफिल पेशींची संख्या झपाट्याने वाढते, अंगभर दाह निर्माण होतो. हा दाह आवरण्यासाठी शरीर उलट दिशेने लगामही खेचते: लिम्फोसाइट पेशी घटतात, आणि मोनोसाइट पेशींच्या पृष्ठभागावरील एचएलए-डीआर हे प्रथिन कमी होते. जंतूंची ओळख इतर पेशींना पटवून देण्याचे काम याच प्रथिनाचे. बहुतेकांमध्ये ही घडी काही दिवसांत पूर्ववत बसते. अत्यवस्थ रुग्णात ती बसत नाही, आणि तेव्हाच न्यूमोनिया किंवा जखमेतील संसर्ग डोके वर काढतो. म्हणजे एकाच देहात दाह अधिक आणि प्रतिकार उणा! उपचार करणाऱ्यांची खरी कसोटी येथेच लागते.

रक्ताच्या अहवालात नातेवाईक टक्के वाचतात. वाचावी ती प्रत्यक्ष संख्या. समजा, शस्त्रक्रियेपूर्वी एकूण पांढऱ्या पेशी ७,००० आणि त्यांत लिम्फोसाइट ३० टक्के, म्हणजे २,१०० होत्या. नंतर एकूण १८,००० आणि लिम्फोसाइट ५ टक्के, म्हणजे ९००. टक्केवारीने सहावा हिस्साच उरलेला दिसतो. खरी घट निम्म्याहून थोडी अधिक आहे. एकूण आकडा फुगला म्हणजे संसर्गच झाला असेही नव्हे. शस्त्रक्रियेचा ताण आणि स्टेरॉइड औषधे यांनीही तो वाढतो. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा चार दिवसांचा कल अधिक बोलका असतो. हा आकडा दिवसेंदिवस खालीच राहिला, तर डॉक्टरांना त्याविषयी अवश्य विचारावे.

तान्ह्या बाळांची गोष्ट आणखी निराळी. त्यांच्या हृदयावर थायमस ग्रंथी असते. हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी तिचा बराचसा भाग अनेकदा काढावा लागतो, आणि टी-पेशी तर तेथेच परिपक्व होतात. अशा बाळाच्या लसीकरणाचे वेळापत्रक बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

आपल्याकडे आजाऱ्याच्या भेटीला जाणे हे कर्तव्य मानले जाते, आणि वैयावृत्त्याचे संस्कार असलेल्या घरांत तर अधिकच. पण या दिवसांत खोलीबाहेरूनच केलेली चौकशी रुग्णाच्या अधिक हिताची. आत जायचेच तर एकट्याने, हात धुऊन. सर्दी-खोकला असेल तर मुळीच नको.

चौविहाराचा नियम असलेल्यांनी तो दाखल होतानाच सांगावा. नव्या पेशी घडण्यास प्रथिने लागतात. सूर्यास्तापूर्वीच्या आहारात डाळ, दूध, पनीर कसे बसवायचे हे आहारतज्ज्ञ ठरवून देऊ शकतात. घरून आणलेले ‘शक्तिवर्धक’ चूर्ण मात्र गुपचूप देऊ नये. झडप बदललेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात, आणि काही वनस्पती त्यांचा परिणाम वाढवतात किंवा घटवतात. पुडी आधी डॉक्टरांना दाखवावी.