दोष खेकड्यांचा की टोपलीचा?

मराठी खेकड्यांचा विनोद ऐकला नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. टोपलीला झाकण लागत नाही, कारण एक वर चढायला लागला की बाकीचे त्याचे पाय ओढतात. हा विनोद आपण स्वतःच इतक्या भक्तिभावानं सांगतो की लग्नाच्या पंगतीपासून उद्योजक मेळाव्यापर्यंत कुठेही तो निघतोच. पण मंडळी, या विनोदात एक पात्र कायम सुटून जातं. टोपली! खेकड्यांना किनाऱ्यावरून उचलून तिच्यात कोंबलं कोणी, हे कोणी विचारत नाही.

हिंजवडी, खराडी, पवई... कुठल्याही हापिसात अप्रेझलच्या दिवसांत चक्कर मारा. मराठी, तमिळ, बंगाली, पंजाबी सगळे असतात, आणि सगळे एकाच सुरात पाय ओढत असतात. तेव्हा हा मराठी रक्ताचा गुण म्हणायचं कारण नाही. ही टोपलीची करामत आहे, आणि त्या टोपलीचं नाव बेल कर्व्ह.

ज्यांनी ती अजून आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: वर्षअखेरीस प्रत्येकाला रेटिंग मिळतं, पण कुठलं रेटिंग किती जणांना द्यायचं हे काम बघण्याआधीच ठरलेलं असतं. या पद्धतीचा सगळ्यात गाजलेला प्रचारक म्हणजे जॅक वेल्श, १९८१ ते २००१ या काळातला जनरल इलेक्ट्रिकचा प्रमुख. त्याचा हिशोब २०-७०-१०. वरच्या २० टक्क्यांना बक्षीस, मधल्या ७० टक्क्यांना 'चालू द्या', आणि तळाच्या १० टक्क्यांना दरवर्षी नारळ.

आपण इंजिनियर आहोत, तर आधी गणित करू. समजा, कंपनीत खरोखरच १० टक्के लोक कच्चे आहेत आणि ते टीम्समध्ये कसेही विखुरलेले आहेत. मग दहा जणांच्या टीममध्ये बरोब्बर एकच कच्चा असण्याची शक्यता किती? बायनॉमियलचं सूत्र आठवा. सुमारे ३९ टक्के. एकही नसण्याची सुमारे ३५ टक्के, आणि दोन किंवा जास्त असण्याची २६ टक्के. म्हणजे 'प्रत्येक टीममधून एक नाव द्या' हा नियम मॅनेजमेंटचंच गृहीतक मान्य केलं तरी शंभरातल्या ६१ टीम्समध्ये चुकतो. त्यातल्या ३५ टीम्समध्ये तर धडधाकट माणसाचा बळी जातो. असा कोड कोणी चेक-इन केला तर आपण रिव्ह्यूमध्येच परत पाठवू.

पण गणित चुकणं हा लहान गुन्हा. मोठा गुन्हा पुढे आहे. माझं रेटिंग माझ्या कामावर नाही, तर शेजारच्यापेक्षा मी किती वर यावर ठरणार असेल, तर शेजाऱ्याला मदत करणं हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार होतो. मी पाहिलेल्या एका कंपनीत एका हुशार मुलाकडे बिल्डचा वेळ निम्म्यावर आणणारी स्क्रिप्ट होती. वर्षभर ती त्याच्याच मशीनवर राहिली. तो वाईट मुलगा नव्हता, डबा उघडला की आधी दुसऱ्याला देणारा होता. पण स्क्रिप्ट दिली असती तर सगळेच तितके वेगवान झाले असते, आणि कर्व्हवर त्याच्या हाती शून्य आलं असतं. भिंतीवरच्या 'टीमवर्क'च्या पोस्टरपेक्षा त्याला गणित चांगलं समजलं होतं, इतकंच.

२०१२ मध्ये 'व्हॅनिटी फेअर'मध्ये कर्ट आयकनवाल्ड यांचा मायक्रोसॉफ्टवर मोठा लेख आला. तिथेही हेच दिसलं: चांगले इंजिनियर दुसऱ्या चांगल्या इंजिनियरांच्या टीममध्ये जायचं टाळत, कारण तिथे आपला नंबर घसरणार! जगातली सगळ्यात हुशार माणसं गोळा करायची, आणि मग त्यांनी एकत्र काम करू नये अशी चोख व्यवस्था करायची. नोव्हेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं कर्व्ह मोडीत काढला आणि दुसऱ्यांच्या यशात तुमचा वाटा किती, हेही मोजायचं ठरवलं. खुद्द जनरल इलेक्ट्रिकनंही ही पद्धत सोडली.

गुणवत्तेचा गुरू मानला जाणारा एडवर्ड्स डेमिंग हे कधीपासून सांगत होता. तो कार्यशाळेत एक खेळ करायचा. डब्यात पांढरे मणी, त्यात २० टक्के लाल. पन्नास खळग्यांची फळी बुडवून मणी काढायचे, लाल मणी म्हणजे खराब माल. कमी लाल आले त्याचं कौतुक, जास्त आले त्याला दम, शेवटी तळाच्यांना घरी पाठवायचं. सगळे हसायचे, कारण लाल मणी डब्यातच होते हे उघड दिसत होतं. तेच लोक सोमवारी ऑफिसात जाऊन तोच खेळ खराखुरा खेळायचे.

आता नेहमीचा आक्षेप. "रँकिंग काढलं तर कामचुकारांचं फावेल." मुद्दा खोटा नाही. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं दोर ओढण्याचे प्रयोग केले होते, ते १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसं वाढली की दर माणशी जोर कमी होतो. पण पुढच्या संशोधनात असंही दिसलं की प्रत्येकाचा वाटा ओळखता येत असेल तर अंगचोरी खूपच घटते. म्हणजे औषध आहे वाटा दिसणं. त्यासाठी कोणाला तळाला टाकायची गरज नाही. कोण काय करतं हे आपल्या धंद्यात कोड रिव्ह्यू आणि रात्रीच्या प्रॉडक्शन कॉलवर रोजच दिसतं. मॅनेजरनं फक्त डोळे उघडे ठेवायचे.

आणि खरी मेख इथेच आहे. बेल कर्व्ह टिकून आहे तो मॅनेजरच्या सोयीसाठी. "अरे, मी तुझ्यासाठी खूप भांडलो, पण नॉर्मलायझेशनमध्ये बसवावं लागलं" हे वाक्य किती जणांनी ऐकलंय? जुलैमध्ये समोर बसवून "तुझं इथे चुकतंय" म्हणायला धाडस लागतं. मार्चमध्ये आलेखाकडे बोट दाखवायला काहीच लागत नाही. मग बळी कोणाचा? नवीन आलेल्याचा, बाळंतपणाच्या रजेवरून परतलेलीचा, नाहीतर गपचूप काम करणाऱ्याचा. याला नेतृत्व म्हणत असतील तर एक्सेल शीटलाच टीम लीड करा. पगार तरी वाचेल :)

नावं बदलतात. आता कर्व्ह म्हणत नाहीत, 'गाईडलाईन' म्हणतात. जानेवारी २०२५ मध्ये मेटानं तळाचे सुमारे पाच टक्के लोक काढणार असं जाहीर केलं. आकडा आधी, माणसं नंतर.

तेव्हा पुढच्या टाउनहॉलमध्ये कोणी साहेब टीमवर्कवर बोलायला उभे राहिले की एकच प्रश्न विचारा: आमच्या टीममध्ये सगळ्यांनीच उत्तम काम केलं, तर सगळ्यांना उत्तम रेटिंग मिळू शकेल का? उत्तर 'हो' नसेल, तर आधी ती टोपली उलटी करा म्हणावं. टीमवर्कचं भाषण त्यानंतर ऐकू.