संसार दोघांचा, घर कोणाचे?

नवी मुंबईतील एखाद्या नोकरदार दांपत्याचा जमाखर्च पाहावा. पतीच्या पगारातून घरकर्जाचा हप्ता जातो. पत्नीच्या पगारातून किराणा, मुलांची फी, आजारपण. भार सारखाच. परंतु वीस वर्षांनी हप्त्यांचे घर झालेले असते आणि किराणा संपून गेलेला असतो. करारनाम्यावर एकट्या पतीचे नाव असेल, तर विभक्त होण्याची वेळ आल्यास पत्नीजवळ दाखवायला पावत्याही उरत नाहीत. अर्थशास्त्राच्या भाषेत, एकाच्या पैशाची गुंतवणूक झाली, दुसरीच्या पैशाचा उपभोग.

१९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण स्वामित्व दिले. परंतु दोघांनी मिळून उभारलेल्या मालमत्तेचा विचार त्यात नाही. पोटगी मिळू शकते. तथापि पोटगी म्हणजे हिस्सा नव्हे. २०२३ साली मद्रास उच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचाही मालमत्तेत वाटा मानला. पण तो एका खटल्यातील निर्णय होय, देशभर लागू होणारा कायदा नव्हे.

पनवेलहून एका रात्रीच्या प्रवासावर असलेल्या गोव्यात चित्र निराळे आहे. १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या व्यवस्थेनुसार वधूवरांना विवाहापूर्वी रीतसर करार करून मालमत्ता स्वतंत्र ठेवता येते. करार केला नाही, तर ती सामाईक, निम्मी-निम्मी; आणि एकाच्या संमतीवाचून दुसऱ्याला स्थावर विकता येत नाही.

आपल्याकडे मात्र १८७२च्या करार कायद्यातील सार्वजनिक धोरणाच्या अटीमुळे विवाहपूर्व करार न्यायालयात टिकेलच, याची शाश्वती नाही. त्यांना मान्यता द्यावी, ही मागणी रास्त आहे, पण अपुरी. १९६१पासून बंदी असूनही ज्या बैठकीत हुंडा ठरतो, त्याच बैठकीत करारही ठरू लागला, तर तो कोणाच्या सोयीचा असेल, हे सांगणे नलगे. करार बलवान पक्ष लिहितो. म्हणून गोव्याकडून घ्यावयाचा तो केवळ कराराचा हक्क नव्हे. करार नसताना आपोआप लागू होणारा निम्म्या वाट्याचा नियम.

असा कायदा होईल तेव्हा होईल. घर घेतानाच दोघांची नावे लावण्यास कोणाची आडकाठी आहे? १९९०च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी आपली जमीन पत्नीच्या नावे केली. सातबाऱ्यावर जे त्यांनी केले, ते सदनिकेच्या करारनाम्यावर करण्यास आपण पगारदारांनी का कचरावे?