आधी मान, मग लाकूड

इलेक्ट्रिक गिटार मनाजोगती बनवून घ्यायची म्हटली की पहिली चर्चा लाकडाची होते. महोगनी हवं, मेपलचा लहरीदार पापुद्रा हवा, आणि बजेटचा मोठा हिस्सा तिथेच संपतो. शिरूर-दौंडकडच्या जत्रांत, लग्नांत, ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याने हा खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भरीव गिटारीचा आवाज लाकडातून आपल्या कानापर्यंत येत नाही. चुंबकावर गुंडाळलेल्या तांब्याच्या वेटोळ्यावर, म्हणजे पिकअपवर, पोलादी तार थरथरते, वेटोळ्यात वीज उमटते आणि ती ॲम्प्लिफायरकडे जाते. गिटारवादक लेस पॉल यांनी १९४०च्या सुमारास पाइनच्या चौकोनी ठोकळ्यावर तारा आणि पिकअप बसवून हेच दाखवलं. बाजूला गिटारीचे पंख जोडले ते दिसण्यापुरते. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो तरी वेगळं काय सांगतो? जपानमधल्या नागोयाच्या गोरो मोरितांनी १९१२ साली तयार केलेल्या तैशोगोतो या वाद्याचा हा वंशज पिकअप लावून अख्खा रस्ता दणाणून सोडतो. त्याची पेटी कुठल्या झाडाची, हे कोणी विचारत नाही. बटणं हलकी आहेत का आणि सूर बसलाय का, एवढंच बघतात.

यावर मिरजेचा दाखला हमखास दिला जातो. २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या सतारीसाठी कारागीर भोपळा आणि लाकूड किती पारखून घेतात! पण सतारीत तबली आणि भोपळा हेच आवाजाचं घर असतं, तिथे ती पारख हवीच. भरीव गिटारीतही लाकूड अगदीच निर्गुण नसतं. तारेची थोडी ऊर्जा मान आणि अंग शोषून घेतात, सूर किती लांबतो यात फरक पडतो. मात्र पिकअप तारेच्या किती जवळ आहे, तार किती जाड आहे, स्पीकर कुठला आहे, यांनी पडणारा फरक त्याहून कितीतरी ठळक असतो. म्हणून अंगासाठी चांगली वाळलेली शिवण पुरे. ती हलकी असते, सहसा वाकत नाही. बाभूळ मजबूत खरी, पण रात्रभर उभं राहून वाजवणाऱ्याच्या खांद्याचा विचार कोण करणार?

वाचलेला पैसा पिकअपवर घालावा. जत्रेच्या स्टेजवर जनरेटर, लायटिंगचे डिमर, लांबच लांब वायरी आणि जेमतेम अर्थिंग असतं. एकाच वेटोळ्याचा पिकअप तिथे विजेची गुणगुण उचलतोच. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये बनवलेल्या हंबकरमध्ये दोन वेटोळी आणि त्यांचे चुंबक असे उलटसुलट जोडलेले असतात की गुणगुण एकमेकींना मारते आणि तारेचा आवाज दुप्पट होतो. त्याने वरच्या सुरांचा लखलखीतपणा थोडा कमी होतो, हा आक्षेप खरा आहे; पण चौफुल्याच्या लावणीच्या थिएटरात ढोलकी आणि पेटीच्या जोडीला बसायचं तर गुणगुणीपेक्षा तो तोटा परवडला.

सर्वांत जास्त विचार मानेचा व्हावा. लावणीची चाल मींड मागते, म्हणजे तार बोटाने आडवी ओढावी लागते. तारेची लांबी २५.५ ऐवजी २४.७५ इंच ठेवली तर त्याच तारांचा, त्याच सुरांत ताण सुमारे ६ टक्क्यांनी उतरतो आणि बोटं वाचतात. शिवाय शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेतला मुलूख. चैत्र-वैशाखात लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं कडेला बाहेर येऊन हाताला टोचतात. श्रावणात तीच मान ओल धरते. म्हणून मानेला वर्षवलयं उभी येतील असाच काप घ्यावा. मानेवरची फ्रेटची पट्टी शिसवाची करावी. जगभरचे अनेक गिटार बनवणारे ती आपल्याकडून नेतात. अशी गिटार पुढे विकली जाणार नाही, ही भीती रास्त आहे, परदेशी नावाला किंमत येतेच. पण बनवून घेतलेली वस्तू हातासाठी असते, बाजारासाठी नाही. आणि मानेतल्या सळईचा स्क्रू शेंड्याकडे, सहज हाताशी येईल असाच बसवून घ्यावा, कारण जत्रांच्या हंगामात मान वाकली तर ती स्टेजमागे दोन गाण्यांच्या मधेच सरळ करावी लागते.