इतिवृत्ताची वही कोणाकडे?



गेल्या महिन्यात काळेवाडीच्या विजयनगरमध्ये आमची बैठक होती. विषय होता रेशनकार्डावरच्या नावांचा. बैठक संपली, सतरंजी गुंडाळली, आणि एक ताई मागे थांबल्या. पर्समधून त्यांनी एक कार्ड काढून माझ्या हातात दिले. वर पक्षाचे चिन्ह, नेत्यांचे चार फोटो, त्याखाली ताईंचे नाव आणि पद : 'उपाध्यक्षा, महिला आघाडी'. तळाशी मोबाइल नंबर होता. तो त्यांच्या नवऱ्याचा होता.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारते. उपाध्यक्षेने करायचे काय असते?"

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली आहे. समुदाय संघटन हा आम्हाला स्वतंत्र विषय होता. पण पक्षाच्या प्रभाग समितीत कोणते पद कशासाठी असते, हे आम्हाला कोणी शिकवले नाही आणि आम्हीही विचारले नाही. ताईंना विचारले, तुम्ही आजवर काय केलेत? त्यांनी सांगितले ते असे. सभेला बायका जमवल्या. नेते आले की औक्षण केले. संक्रांतीला हळदीकुंकू, वाण पक्षाकडून. मोर्चाला एकाच रंगाच्या साड्या. समितीची बैठक? "ती भाऊंच्या ऑफिसात रात्री दहाला असते. आम्हाला नसते बोलावत."

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून या अंकाचे संपादकीय त्यावरच.

आधी पदांचे काय ते पाहू. नावे पक्षागणिक बदलतात. कुठे शाखाप्रमुख आणि गटप्रमुख, कुठे मंडल अध्यक्ष आणि बूथप्रमुख, कुठे वॉर्ड अध्यक्ष, सरचिटणीस, चिटणीस. पण कामे बहुतेक तीच. अध्यक्षाने सभा बोलवायची आणि चालवायची, सर्वांना बोलू द्यायचे, शेवटी निर्णय स्पष्ट शब्दांत मांडायचा. उपाध्यक्षाने अध्यक्षाच्या गैरहजेरीत हेच करायचे. म्हणजे ताईंच्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीचे होते. चिटणीसाने वेळेवर नोटीस काढायची, विषयपत्रिका करायची, सभासदांची यादी ठेवायची, इतिवृत्त लिहायचे आणि पुढच्या सभेत ते वाचून कायम करून घ्यायचे. खजिनदाराने पावतीपुस्तक सांभाळायचे, वर्गणी आणि खर्च लिहायचा, सभेपुढे हिशेब ठेवायचा. बूथवरच्या माणसाने मतदारयादी घेऊन दारोदार जायचे, कोण राहायला गेले, कोणाचे नाव गळले ते पाहायचे. मतदानाच्या दिवशी पक्षाचा प्रतिनिधी केंद्रात बसतो, आणि विधानसभा-लोकसभेच्या मतदानानंतर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, म्हणजे नमुना १७-सीची, प्रत त्याला मागता येते.

यात अवघड काय आहे? काळेवाडीत ज्योतिबानगरपासून नढेनगरपर्यंत गल्लोगल्ली बचत गट आहेत. प्रत्येक गटाला अध्यक्ष आहे, सचिव आहे, बहुतेकांना खजिनदारही. सातवी शिकलेली बाई दर महिन्याला गटाची वही लिहिते. कोणी किती भरले, कोणाचे कर्ज फिटले, व्याज किती, रुपयाचा फरक आला तर रात्र जागून शोधते. बँकेत जाऊन सही करते. ही बाई पक्षाची खजिनदार का होत नाही? हिशेब येत नाही, हे कारण तरी आता कोणाला सांगता येणार नाही.

खजिनदार या पदाला कायद्यानेही जबाबदार धरले आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २००३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार एका वर्षात एकाच देणगीदाराकडून वीस हजारांहून जास्त रक्कम आली तर तिचा अहवाल पक्षाच्या खजिनदाराने किंवा पक्षाने अधिकार दिलेल्या व्यक्तीने तयार करायचा असतो, आणि तो निवडणूक आयोगाकडे जातो. २०१७ पासून पक्षाला दोन हजारांपेक्षा मोठी देणगी रोख घेऊन करसवलत मिळत नाही. हे सारे वरच्या खजिनदाराबद्दल आहे हे खरे. पण गणपतीच्या मांडवापासून उमेदवाराच्या प्रचारापर्यंत खाली जो पैसा फिरतो, त्याची वही कोणाच्या हातात असते हे आपण कधी विचारले आहे का? बहुतेक ठिकाणी वहीच नसते, असा माझा अनुभव आहे.

सर्वात मोठे पद मात्र सहीचे. उमेदवारी अर्जासोबत पक्षाचा जो एबी फॉर्म लागतो, त्यावर पक्षाने अधिकार दिलेल्या पदाधिकाऱ्याची शाईची सही असावी लागते. ती नसेल तर चिन्ह नाही.

आता आरक्षणाचा विचार करा. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिका-महापालिकांत स्त्रियांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेत २०१७ च्या निवडणुकीत १२८ पैकी ६४ जागा स्त्रियांच्या होत्या. मोहिनी लांडे, शकुंतला धराडे, उषा ढोरे अशा स्त्रिया या शहराच्या महापौर झाल्या. हे लहान नाही, आणि 'सगळ्या नामधारीच' असे म्हणणाऱ्यांशी मी कायम भांडत आले आहे. पण आरक्षण आहे ते जागेला. त्या जागेवर कोणती बाई उभी राहणार हे ज्या समितीत ठरते, तिथे कायद्याचे आरक्षण नाही. काँग्रेस आणि भाजप या दोन्ही मोठ्या पक्षांनी समित्यांवर स्त्रियांसाठी एक-तृतीयांश जागांची तरतूद आपापल्या घटनांत फार पूर्वीच केली. प्रभागापर्यंत उतरताना त्या तरतुदीचे काय होते, ते ताईंच्या कार्डावर दिसते.

काळेवाडी ज्या चिंचवड विधानसभा मतदारसंघात येते तिथलेच उदाहरण घ्या. आमदार लक्ष्मण जगताप यांच्या निधनानंतर २०२३ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी अश्विनी जगताप भाजपच्या उमेदवार म्हणून निवडून आल्या. २०२४ मध्ये त्याच पक्षाची उमेदवारी त्यांचे दीर शंकर जगताप यांना मिळाली आणि ते आमदार झाले. ते तेव्हा पक्षाचे शहराध्यक्ष होते. घरात काय ठरले त्यावर मला बोलायचे नाही, तो त्यांचा प्रश्न. एक निवडून आलेली आमदार आणि एक संघटनेतला पदाधिकारी अशी दोन पदे शेजारी ठेवून पाहा, एवढेच म्हणते.

यात आपलीही चूक आहे, आणि ती लिहिल्याशिवाय हे पान पुरे होणार नाही. ऐंशीच्या दशकात स्वायत्त स्त्री-गट उभे राहिले तेव्हा अनेकींनी अध्यक्ष-चिटणीस ही उतरंडच नाकारली. गोल करून बसायचे, सर्वांनी बोलायचे, एकमताने ठरवायचे. ते योग्यच होते. त्यातून माझ्यासारख्या कितीजणी बोलायला शिकल्या. पण पदांचा तिटकारा करता करता पदे चालवायची कशी, हे शिकवायचे राहून गेले. पक्ष म्हणजे घाण, असे आपण वस्तीतल्या बायकांना सांगत राहिलो, आणि त्या तर पक्षात गेल्याच. नळाला पाणी हवे, ड्रेनेज तुंबले, मुलाला चाकणला कंपनीत चिकटवायचे, तर जायचे कोणाकडे? त्या गेल्या, पण हातात काही न घेता गेल्या. शेतकरी संघटनेच्या स्त्रियांनी १९८६ साली चांदवडला जमून गावच्या कारभारात उतरायचे ठरवले, आणि पुढे जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला पूर्ण स्त्रियांची ग्रामपंचायत आली. तो धागा शहरातल्या वस्त्यांत आपण फारसा ओढला नाही.

वही मिळाली की सत्ता मिळाली, असे मात्र मी म्हणणार नाही. काही वर्षांपूर्वी मीही एका पक्षाच्या समितीत सात महिने होते. (कोणत्या ते विचारू नका.) "मॅडमचे अक्षर छान आहे" म्हणून इतिवृत्त लिहायला मला बसवले. मी मनापासून लिहिले. मग लक्षात आले की मी लिहिते ते वेगळे आणि घडते ते वेगळे. सभा नऊला संपायची. खरे निर्णय नंतर हॉटेलात चहावर व्हायचे, तिथे मी नसायचे. सहीही माझी नसायची. मी लेखनिक होते, चिटणीस नव्हते. हा फरक कळायला मला सात महिने लागले, आणि कळल्यावर मी भांडले नाही, नुसती जायची बंद झाले. आज वाटते, भांडायला हवे होते. वहीत नाही तो निर्णय समितीचा नाही, एवढे एकच वाक्य पहिल्याच सभेत मंजूर करून घ्यायला हवे होते.

रात्री दहाच्या बैठकीचेही तेच. वेळ ही साधी गोष्ट वाटते. पण कंपनीची पाळी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास यातून सुटून रात्री दहाला एकटीने भाऊंच्या ऑफिसात जाणारी बाई उद्या गल्लीत कशी बघितली जाईल, हे वेळ ठरवणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. आणि तिथे काही वाईट घडले तर? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पक्षांना लागू करावा या मागणीत सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये हस्तक्षेप केला नाही. म्हणजे सतरंज्या उचलणाऱ्या बाईचे काम हे काम नाही आणि ऑफिस हे कामाचे ठिकाण नाही.

ताई परवा पुन्हा आल्या. समितीच्या सभेला त्या न बोलावता गेल्या होत्या, सोबत गटातल्या दोघी. मी सांगितले तेवढेच बोलल्या : मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून दाखवा. सगळे गप्प. मग कोणीतरी म्हणाले, वही भाऊंच्या घरी राहिली. भाऊ म्हणाले, ताई, वही सापडेना झालीय, पुढच्या वेळी बघू.

पुढची सभा रविवारी आहे, ताईंनी वेळ संध्याकाळी पाचची मागून घेतली आहे. पाचपीर चौकातल्या दुकानातून त्यांनी दोन क्वायरचे रजिस्टर आणले आहे. पहिल्या पानावर तारीख घातली आहे आणि खाली हजर सभासदांच्या सह्यांसाठी रेघा मारून ठेवल्या आहेत. नवीन कार्डही छापायला टाकले आहे, त्यावर नंबर त्यांचा स्वतःचा.