रेडिओचा साचा बदलत गेला, शेतकऱ्याला कुणी विचारलं?

आज पिकावर नाही, रेडिओवर लिहितोय. पण विषय शेतीचाच आहे, शेवटपर्यंत वाचा.

रेडिओ आपल्या भागाला नवा नाही. निजामाच्या राज्यात औरंगाबादला रेडिओ केंद्र होतं. ते १९५० ला आकाशवाणीकडं आलं. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होता, आपला जिल्हा वेगळा झाला १९८१ ला. पुढं आपल्याकडं परभणी केंद्र ऐकलं जायचं, मीडियम वेव्हवर. आवाज खरखरायचा, ट्रान्झिस्टर इकडं तिकडं फिरवून ठेवावा लागायचा, पण शेतीचा कार्यक्रम लागला की माणसं गप बसायची.

शेतकऱ्यासाठी रेडिओ कसा असावा, याचा चांगला नमुना आपल्याच राज्यात होऊन गेलाय. १९५६ ला युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत हा प्रयोग केला. गावात गट बसायचा, कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायचा आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवायचा. म्हणजे रेडिओ नुसता बोलत नव्हता, गावाचं ऐकतही होता. पुढं १९६६ पासून आकाशवाणीत शेतीसाठी वेगळे विभाग निघाले. तमिळनाडूत तर एडीटी-२७ या भाताच्या वाणाला लोक 'रेडिओ भात' म्हणायला लागले, इतका तो रेडिओमुळं पसरला.

मग एफएम आलं. आवाज एकदम स्वच्छ, पण पल्ला कमी. २००४ ला 'किसानवाणी' सुरू झाली, ते चांगलं झालं. खाजगी एफएमवर मात्र गाणी, गप्पा अन् जाहिराती. स्वतःच्या बातम्या द्यायची त्यांना परवानगीच नाही, आकाशवाणीचं बातमीपत्र तेवढं जसंच्या तसं लावता येतं. त्यांना मी दोष देत नाही. जाहिरात शहरातली, म्हणून कार्यक्रमही शहराचा. धंदाच आहे तो. पण सरकारी रेडिओ आपल्या सगळ्यांच्या पैशावर चालतो. त्यानं शेतकऱ्याचा वेळ कमी करून चालणार नाही.

काहीजण म्हणतील, आता मोबाईल आहे, यूट्यूब आहे, रेडिओ कशाला? तर ऐका. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फवारणीच्या सल्ल्याला मायबाप नसतो. तो कुणी लिहिला अन् त्यात कुणाची बाटली खपवायची आहे, काही कळत नाही. रेडिओवर शास्त्रज्ञ आपलं नाव सांगून बोलतो, चुकलं तर त्याला विचारता येतं. शिवाय धार काढताना, खुरपताना हात मोकळे राहतात, अन् नेटपॅक लागत नाही.

आणि सल्ला जवळचाच पाहिजे. आपले तालुके आठ. जाफराबादला पाऊस झाला म्हणून घनसावंगी भिजत नाही. मोसंबीची फळगळ, कपाशीतली गुलाबी बोंडअळी, बदनापूर केंद्राच्या तुरीचे वाण, जालन्याचा रेशीम कोषाचा बाजार, हे सगळं मुंबईहून साऱ्या राज्याला लागणाऱ्या एका कार्यक्रमात कुठं बसणार?

जून २०२३ ची गोष्ट आठवा. पुणे आकाशवाणीचा वृत्त विभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचा आदेश निघाला. पुण्यात ओरड झाली अन् स्थगिती आली. काम आपल्याकडं येत होतं तरी मी म्हणतो, पुणेकरांचं बरोबर होतं. जिथली बातमी तिथंच तयार व्हावी. पण उद्या आपल्या केंद्राचा शेतीचा वेळ कापला तर ओरडणार कोण? आपण तर ऐकतो अन् गप बसतो. कुणी ऐकतच नाही, असं मग कागदावर लिहायला सोपं जातं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. शेतीचा कार्यक्रम इथलाच असावा, संध्याकाळी माणूस घरी आल्यावर लागावा, आणि त्यात गावाकडून आलेले प्रश्न घ्यावेत. वेळ बदलायची तर आधी ऐकणाराला विचारावं.

जे ऐकतात त्यांनी केंद्राला एक पत्र टाका. काय आवडलं, काय पाहिजे, गाव अन् तालुका घालून लिहा. गठ्ठाभर पत्रं टेबलावर पडली तर कार्यक्रम बंद करायला हात जरा जड होतो.