सगळं पाणी एकदम बदलू नका



गेल्या रमजान ईदच्या आधी आमच्या घरात जशी साफसफाई झाली, तशी तुमच्याकडेही झाली असेल. पडदे धुतले, पंखे पुसले, शिरखुर्म्याचं मोठं पातेलं माळ्यावरून खाली आलं. चांदरातीला आमचा धाकटा म्हणाला, "अम्मी, उद्या पाहुणे येणार. फिश टँकपण चकाचक करू या."

मुलाला स्वतःहून काम करायची हौस आली, याचाच मला आनंद झाला. आम्ही दोघं कामाला लागलो. मासे एका बादलीत काढले. टाकीतलं सगळं पाणी तांब्याने उपसून मोरीत ओतलं. तळाचे खडे चाळणीत घेऊन गरम पाण्याने चोळून धुतले. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पार स्वच्छ होईपर्यंत पिळला. साबण लावला नाही, एवढं शहाणपण होतं. मग नळाचं ताजं पाणी भरलं आणि मासे परत सोडले. काच अशी चमकत होती की दादींनीही कौतुक केलं.

ईदच्या सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. पाहुण्यांच्या पोरांना वाटलं, ते बोलतायत. तिसऱ्या दिवशी सहांपैकी चार मासे गेले. धाकट्याने ईदीचे पैसे मोजायलाही घेतले नाहीत. दादी मात्र पुन्हा पुन्हा एकच विचारत होत्या, "अगं, घाणीने मेले असते तर समजलं असतं. सफाई केल्यावर कसे मेले?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी बरंच शिकले. ते या महिन्यात तुमच्यापुढे ठेवते, कारण हीच चूक करणारी घरं मी आता आजूबाजूला बरीच पाहते.

पाणी स्वच्छ दिसणं आणि स्वच्छ असणं

मासा श्वास घेतो तेव्हा त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजूनही अमोनियाच तयार होतो. हा अमोनिया माशांना विष आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. काचेसारख्या नितळ पाण्यातही तो असू शकतो.

मग टाकीतले मासे रोज मरत का नाहीत? कारण फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खड्यांवर उपयोगी जिवाणूंची वस्ती असते. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट पुष्कळ सौम्य असतं, पण आठवड्यागणिक साठत जातं. ते कमी करायचा सोपा उपाय म्हणजे थोडं जुनं पाणी काढून तेवढं नवं घालणं.

जिवाणूंची ही वस्ती नव्या टाकीत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही ती चांदरातीला गरम पाण्याने आणि नळाखाली धुऊन टाकली. वरून नळाच्या पाण्यातलं क्लोरिन होतंच. आपल्या पिण्याच्या पाण्यातले जंतू मारायला जे क्लोरिन घालतात, तेच माशांचे कल्ले भाजतं आणि उरलेसुरले जिवाणूही मारतं. म्हणजे आम्ही घाण काढली नव्हती, माशांचं घरच मोडलं होतं.

दादींना मी हे दह्याच्या विरजणावरून समजावलं. भांडं कितीही लख्ख घासलं तरी विरजण फेकून दिल्यावर दही लागत नाही. त्यांना लगेच पटलं.

नळीचं काम

महिन्यातून एकदा सगळं पाणी उपसण्यापेक्षा दर आठवड्याला चौथा हिस्सा बदलावा. हे काम सोपं करते ती साधी नळी, म्हणजेच सायफन. रॉकेलच्या डब्यातून नळीने रॉकेल काढताना आपल्यातल्या अनेकांनी पाहिलंय, तेच हे. नळी पाण्याने पूर्ण भरलेली असली आणि तिचं बाहेरचं टोक टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असलं, की पाणी काठावरून चढून आपोआप खाली वाहतं. वीज लागत नाही, मोटार लागत नाही. बाहेरचं टोक जितकं खाली, तितकी धार जोरात. टोक वर उचललं किंवा नळीत हवा शिरली, की धार थांबते.

हार्डवेअरच्या दुकानात गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी मिळते. अर्धा इंच जाडीची, दोन मीटर पुरते. तिच्या एका टोकाला पाण्याची छोटी बाटली बसवा: बाटलीचा तळ कापून टाकायचा आणि नळी तोंडात घट्ट खोचायची. हे रुंद तोंड खड्यांत खुपसलं की घाण धारेबरोबर वर जाते, आणि खडे जड असल्यामुळे थोडे उसळून पुन्हा खाली बसतात. तयार सायफनही मिळतो, त्याला रबराचा दाबायचा फुगा असतो.

आता नळी सुरू कशी करायची? धाकट्याच्या मामूंनी तोंडाने ओढून दाखवली. मी शव्वालच्या रोज्यात होते, म्हणून मला ते जमणारं नव्हतं. दुसरी पद्धत शोधावीच लागली, आणि तीच बरी निघाली. माशांचं पाणी तोंडात जाणं रोजा नसतानाही वाईटच. त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. पद्धत अशी: आख्खी नळी टाकीत बुडवा, आतली सगळी हवा बुडबुड्यांनी निघू द्या. मग एका टोकावर अंगठा घट्ट दाबून ते बाहेर काढा आणि खाली ठेवलेल्या बादलीत नेऊन अंगठा सोडा. दुसरं टोक पाण्याखालीच राहिलं पाहिजे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हात बसतो.

हाताला जखम किंवा चीर असेल तर टाकीत हात घालू नका. टाकीच्या पाण्यातून त्वचेचा चिवट संसर्ग होऊ शकतो. काम झाल्यावर साबणाने हात धुवायचेच.

किती पाणी, कसं पाणी

टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि 1000 ने भागा. तेवढे लिटर. आमची टाकी 60 लांब, 30 रुंद, आणि पाणी 27 पर्यंत. म्हणजे साधारण 48 लिटर. खड्यांची जागा वजा केली तर 45. त्याचा चौथा हिस्सा 11 लिटर, म्हणजे एक बादलीसुद्धा नाही.

आता हिशेब बघा. आधी महिन्यातून एकदा 45 लिटर ओतत होतो, शिवाय खडे आणि फिल्टर धुवायचं पाणी वेगळं. आता आठवड्याला 11 लिटर, म्हणजे महिन्याला 44. पाणी तेवढंच लागतं, उलट थोडं कमीच, आणि मासे जगतात.

नवं पाणी आदल्या रात्रीच बादलीत उघडं भरून ठेवा. क्लोरिन बरंचसं उडून जातं आणि पाणी खोलीच्या तापमानावर येतं. वास उग्र येत असेल तर दुकानात मिळणारे अँटिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला. तुरटी फिरवलेलं पाणी माशांना देऊ नका. फक्त फिल्टरचं आरओ पाणीही नको, त्यातले लागणारे क्षार निघून गेलेले असतात.

पाणी घालतानाही नळी कामाला येते. भरलेली बादली टाकीपेक्षा उंच स्टुलावर ठेवली की तीच नळी उलटी चालते. पाणी हळूहळू उतरतं, खडे उसळत नाहीत, मासे घाबरत नाहीत. बादली उचलवत नसेल तर तांब्याने घाला. एक लिटर म्हणजे एक किलो, घरातल्या मोठ्या माणसांनी कंबर सांभाळावी.

स्पंज धुवायचा झाला तर काढलेल्या जुन्या पाण्यात दोनदा पिळा, नळाखाली कधीच नाही. विरजण राहिलं पाहिजे.

चार गोष्टी विसरू नका

पहिली, नळी टाकण्याआधी फिल्टर आणि हीटर यांचे प्लग काढा. पाणी उतरल्यावर चालू हीटर कोरडा पडला तर काच तडकते. ओल्या हाताने प्लग लावू नका.

दुसरी, नळी लावून तिथून हलू नका. अर्ध्या इंचाच्या नळीने बादली दोन-तीन मिनिटांत भरते. मी एकदा फोन घ्यायला गेले आणि परत येईतो पाणी गालिच्याखाली गेलं होतं. तेव्हापासून एक युक्ती करते. खडे साफ झाले की नळीचं आतलं टोक जेवढं पाणी काढायचंय तेवढ्याच खोलीवर, काठाला चिमट्याने अडकवते. पातळी तिथवर उतरली की नळीत हवा शिरते आणि धार आपोआप थांबते.

तिसरी, छोटे मासे असतील तर बाटलीच्या तोंडाजवळ लक्ष ठेवा, किंवा आतून जाळी लावा. पिल्लं सहज ओढली जातात.

चौथी सगळ्यांत महत्त्वाची आहे. नळाला पाइप लावून थेट टाकी भरत असाल तर पाइपाचं टोक पाण्यात बुडवून ठेवू नका. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येतं. मध्येच पुरवठा बंद झाला आणि लाइनमधलं पाणी मागे ओढलं गेलं, तर हाच सायफन उलटा चालतो आणि टाकीतलं पाणी पिण्याच्या लाइनमध्ये जाऊ शकतं. बादली वापरली की हा धोकाच राहत नाही.

नळाला जोडून नळाच्याच धारेने टाकीतलं पाणी खेचणारे लांब पाइपही मिळतात. ज्या देशांत नळाला दिवसभर जोराचं पाणी असतं, तिथे लोक ते वापरतात. त्यात घाण पाण्याच्या जोडीने चांगलं पाणीही मोरीत वाहत राहतं, आणि आपल्या गच्चीवरच्या टाकीच्या दाबावर ते नीट ओढतही नाहीत. वुजू करताना नळ बारीक करा असं आपण मुलांना सांगतो. प्रेषितांचं (स.) वुजू एक मुद पाण्यात, म्हणजे दोन्ही हातांच्या भरल्या ओंजळीएवढ्या मापात होत असे, हे त्यांना शिकवतो. त्याच घरात माशांसाठी नळ वाहता सोडणं शोभत नाही. काढलेलं पाणीही वाया घालवू नका. कुंड्यांना घाला, झाडांना ते खतासारखं लागू पडतं. पाण्यात मीठ किंवा माशांचं औषध घातलेलं असेल तेव्हा मात्र नको. आमच्या दादींची मोगऱ्याची कुंडी आता माशांच्याच पाण्यावर आहे.

मुलांच्या हाती एक जीव

मुलाचं असं दुःख हसण्यावारी नेऊ नये. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर याच्याकडे एक छोटा पक्षी होता. तो मेल्यावर खिन्न बसलेल्या त्या मुलाची प्रेषितांनी (स.) आपुलकीने विचारपूस केली, असं हदीसमध्ये आहे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही आपण मुलांना सांगतो. तिचा दोष हा होता की तिने खायलाही दिलं नाही आणि स्वतःचं अन्न शोधायला मोकळंही सोडलं नाही. काचेतल्या माशालाही स्वतःचं पाणी स्वतः बदलता येत नाही. आपण त्याला कोंडलंय, तेव्हा पाणी आपल्या जिम्म्यावर.

म्हणून नवे मासे आणायच्या आधी धाकट्याशी मी एक करार केला. सहा आठवडे उरलेल्या दोनच माशांवर टाकी चालवायची, खाणं चिमूटभर द्यायचं, पहिले काही दिवस रोज थोडं थोडं पाणी बदलायचं आणि नंतर दर रविवारी असरनंतर नळी लावायची. त्याने एकही रविवार चुकवला नाही. दोन्ही मासे तगले. मग आम्ही त्यांना दोनच सोबती आणले.

परवा बकरी ईदच्या सफाईत मी माळ्यावर होते. खालून दादींचा आवाज आला, "टाकी धुवायची राहिली ना रे?" धाकटा म्हणाला, "दादी, टाकी धुवायची नसते. रविवारी नळी लावलीय मी."

दादी काही बोलल्या नाहीत. बादलीतलं पाणी घेऊन मोगऱ्याकडे गेल्या.