साखळी कसलीही असो, हजेरी आपल्या हातात हवी



नेपरव्हिलच्या रूट ५९ वर गाडीतून जाताना आपल्या लोकांची हॉटेलं आणि किराणा दुकानं दिसतात. पुढच्या दारानं गिऱ्हाईक आत जातं, मागच्या दारानं आपण. कांदा चिरणारा, भांडी घासणारा, रात्री माल उतरवणारा, कुणाच्या बंगल्यात बाळ सांभाळणारी ताई. हे पत्र तुमच्यासाठी आहे.

गेल्या गणपतीत इथल्या एका हॉलमध्ये प्रसादाच्या रांगेत एक गृहस्थ भेटले. चांगले शिकलेले, गोड बोलणारे. म्हणाले, "ब्लॉकचेननं सामान्य माणसाचं कल्याण होणार आहे." मी विचारलं, "माझ्या खोलीवरच्या पोराचे आठवड्याला पंधरा-वीस तास मालक लिहीतच नाही. ते तुमच्या ब्लॉकचेनमध्ये दिसतील का?" त्यांनी मला एका कॉइनचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "आत्ताच घेऊन ठेवा, भाव वाढणार आहे."

माझा राग इथूनच सुरू होतो. ज्या यंत्रणेतून आपलं खरंच काही भलं होऊ शकतं, तिच्या नावाखाली आपल्याच खिशात हात घातला जातोय.

आधी साध्या भाषेत बघू. ब्लॉकचेन म्हणजे हिशेबाची वही. फक्त तिच्या प्रती एकाच्या कपाटात नसतात, अनेकांकडे असतात. प्रत्येक नव्या पानावर आधीच्या पानाचा ठसा असतो. कुणी गुपचूप जुनं पान बदललं, तर पुढचे ठसे जुळत नाहीत आणि चोरी पकडली जाते. बस, एवढंच.

आता गावाकडचं आठवा. बीडचा ऊसतोड कामगार उचल घेऊन कारखान्यावर जातो. किती उचल घेतली, किती फिटली, किती टन ऊस तोडला, हे सगळं मुकादमाच्या वहीत. हंगाम संपला की मुकादम म्हणतो, "अजून बाकी आहे." वही त्याची, म्हणून शब्दही त्याचाच. नेपरव्हिलच्या हॉटेलात वेगळं काय आहे? वहीच्या जागी कॉम्प्युटर आला, इतकंच.

अनेकांच्या हाती असलेली वही आपल्या कामाची आहे ती यासाठी. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. साखळीला खरं-खोटं कळत नाही. तुम्ही ६० तास राबलात आणि मालकानं ४० लिहून साखळीवर चढवले, तर ते कायमचे ४० झाले. खोटं पक्कं झालं! म्हणून भांडण पहिल्या नोंदीचं आहे: ती कोण करतो, कोणासमोर करतो, आणि तिची प्रत कोणाकडे राहते.

आपल्या लोकांनी हे भांडण एकदा जिंकलंय. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या हमालांना एकत्र केलं, आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यानुसार मालक आणि हमाल दोघांचीही नोंद मंडळाकडे होते. मालक मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरतो, आणि मंडळ ती कामगाराला देतं. मंडळावर कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे, तिघांचे प्रतिनिधी. हिशेब एकट्या मालकाच्या हातातून निघाला. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, संघटना होती. ती नसेल तर उद्याची साखळीसुद्धा मालकाच्याच गळ्यात शोभेल.

मग ब्लॉकचेन बिनकामाची का? अजिबात नाही. गडचिरोलीच्या एटापल्लीत २०२२ साली ६५,००० जातीच्या दाखल्यांची नोंद ब्लॉकचेनवर ठेवण्याचं काम हाती घेतलं गेलं. दाखला खरा की बनावट, हे कुणालाही तपासता यावं म्हणून. दुर्गम आदिवासी भागातल्या पोराच्या दाखल्याचा ठसा साखळीवर बसू शकतो, तर दुबईला निघालेल्या गवंड्याच्या कराराचा का नाही? मुंबईत एका पगारावर सही घ्यायची आणि तिकडे पोचल्यावर कमी पगाराचा दुसरा कागद पुढे करायचा, हा खेळ आखातातल्या भावांना पाठ आहे. पहिल्या कराराचा ठसा विमानात बसण्याआधीच साखळीवर असेल, तर "असा कागदच नव्हता" असं म्हणायची सोय उरत नाही.

आणि आपल्या इलिनॉयमध्ये तर कायदाही आहे. १ जानेवारी २०२० पासून इथं ब्लॉकचेनचा कायदा लागू आहे. करार किंवा नोंद ब्लॉकचेनवर आहे, एवढ्याच कारणानं ती नाकारता येत नाही. धंदेवाल्यांच्या करारांना ही सोय चालते. मग भांडी घासणाऱ्याच्या हजेरीला का चालू नये? हे मी नेपरव्हिलमधल्या आपल्याच शिकलेल्या भाऊबंदांना विचारतोय. तुमच्यातले कितीतरी जण सॉफ्टवेअरमध्ये आहात. समाजसेवा करायचीय म्हणता ना? मग आम्हाला कॉइन विकू नका. हजेरीची साधी वही बनवून द्या. मात्र तिला आमच्या चार अटी आहेत.

पहिली अट: आठवड्याच्या शेवटी तासांवर दोघांची सही, आणि प्रत कामगाराच्या फोनमध्ये. मालक सही देत नसेल, तर "दिली नाही" हीसुद्धा नोंद.

दुसरी: साखळीवर फक्त कागदाचा ठसा जाईल. नाव, पासपोर्ट, पत्ता काहीही नाही. तिथं गेलेलं पुसता येत नाही, आणि आपल्यातल्या कित्येकांचा व्हिसा मालकाच्या मर्जीवर आहे.

तिसरी: बोटांचे ठसे आणि चेहरा त्यात नको. इलिनॉयमध्ये २००८ पासून कायदा आहे की लेखी संमतीशिवाय बोटांचे ठसे घेता येत नाहीत आणि काम संपल्यावर ते नष्ट करावे लागतात. जिथून काही पुसताच येत नाही, तिथं ते ठेवायचेच कसे?

चौथी: कामगाराला एक पैसाही भरायला लागू नये. कॉइन नाही, टोकन नाही. दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष दाखवणाऱ्या गेनबिटकॉइनमध्ये आपल्याकडच्या किती लोकांचे पैसे बुडाले, आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली तोवर किती उशीर झाला होता, हे विसरू नका. आई-वडिलांना पाठवायचा पैसा जुगारात घालू नका.

तशी वही येईल तेव्हा येईल. तोवर काय करायचं?

आज रात्रीपासून लिहा. दोन रुपयांची वही असली तरी चालेल: तारीख, आलो किती वाजता, सुटलो किती वाजता, रोख किती मिळाले. आठवड्याला पानाचा फोटो काढून घरच्यांना पाठवा, म्हणजे प्रत दुसऱ्याकडेही राहील. हीच आपली पहिली साखळी. जमत असेल तर ओपनटाइमस्टॅम्प्स नावाचं फुकट साधन आहे. ते फाईलचा ठसा बिटकॉइनच्या साखळीत बसवतं, कॉइन विकत घ्यावा लागत नाही. हा कागद त्या दिवशी होता, एवढं त्यावरून सिद्ध होतं. त्यात लिहिलेलं खरं आहे की नाही, हे मात्र होत नाही. त्यासाठी सोबत काम करणाऱ्याची साक्ष लागते, म्हणून एकट्यानं लिहू नका, दोघं-तिघं मिळून लिहा.

त्या वहीला किंमत नाही असं कुणी म्हटलं, तर सांगा: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९४६ मध्येच ठरवलंय, की मालकानं तासांची नीट नोंद ठेवली नसेल तर कामगाराचा वाजवी हिशेब धरता येतो, आणि तो चुकीचा असेल तर ते मालकानं दाखवायचं. ४० तासांच्या पुढे बहुतेक कामांना दीडपट मजुरी आहे. १ जानेवारी २०२५ पासून इलिनॉयमध्ये किमान वेतन तासाला १५ डॉलर आहे, आणि पगारपत्रकाच्या प्रती मालकानं ३ वर्षं जपून मागितल्यावर द्यायच्या आहेत. बुडवलेल्या पगाराची तक्रार राज्याच्या कामगार खात्याकडे १ वर्षाच्या आत करा. त्यावर दरमहा ५ टक्के नुकसानभरपाईही मागता येते.

पुढच्या गणपतीत ते गृहस्थ पुन्हा भेटतीलच. तेव्हा आपण चौघं-पाचजण वह्या घेऊन त्यांच्यासमोर उभे राहू आणि म्हणू, "दादा, कॉइन राहू द्या. ही हजेरी चढवून दाखवा."

आता सांगा, आज कामाला किती वाजता लागलात? लिहिलंत का?